शटरला तीन कुलपं

आमच्या पेठेत रात्री साडेआठला एक सोहळा असतो. शटर धाडधाड खाली येतात. प्रत्येक शटरला तीन कुलपं: एक उजवीकडे, एक डावीकडे, एक मधोमध. कुलूप लावलं की मालक ते तीनदा ओढून बघतो. मग स्कूटर चालू करतो, कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत जातो, तिथं काहीतरी आठवल्यासारखा थबकतो आणि परत येऊन मधलं कुलूप चौथ्यांदा ओढतो. भांडीवाले अण्णा तर कुलपाला हात लावून तो हात कपाळाला लावतात. वर लिंबू-मिरची लटकत असतेच. शनिवारी ती बदलायची राहिली, तर अण्णांना रविवारभर जेवण गोड लागत नाही.

या अण्णांच्या जीएसटीचा पासवर्ड होता 'गणेश@123'.

मला कसा ठाऊक? मीच ठेवला होता.

सांगलीच्या बाजारपेठेत एका माडीवर माझं दहा बाय बाराचं ऑफिस आहे. पाटीवर 'करसल्लागार' असं लिहिलंय, पण पेठेत मला 'रिटर्नवाले' म्हणतात. हळद, बेदाणा, भांडी, कापड, पाईप, पंखे अशा 140 दुकानांची रिटर्नं मी भरतो. या 140 जणांचे जीएसटीचे, इन्कम टॅक्सचे, ई-वे बिलाचे आणि त्या सगळ्यांना जोडलेल्या ईमेलचे पासवर्ड एका लाल वहीत आहेत. लक्ष्मीपूजनाला आणतात ना, ती लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. पहिल्या पानावर श्री, खाली शुभ-लाभ आणि पुढच्या पानापासून लोकांच्या तिजोऱ्यांच्या किल्ल्या. रिटर्नवाले सज्जन आहेत, एवढंच आमच्या पेठेचं सायबर सुरक्षेचं धोरण. तेही कुणी तपासून घेतलेलं नाही. माझे वडील सज्जन होते, त्यावर भागलंय.

जीएसटी लागू झाला 1 जुलै 2017 ला. महिन्याच्या 11 आणि 20 तारखेला माझ्या ऑफिसात भाजी मंडईसारखा आरडाओरडा असतो. 11 ला विक्रीचा तपशील, 20 ला 3बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. रिटर्न भरून झालं की शेवटी मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो. तो त्यानं मला फोनवर सांगायचा आणि मी इकडं टाकायचा. 3बीला उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये लेट फी, त्यामुळं या कामात कुणी लाजत नाही.

"अण्णा, ओटीपी आला का?"

"आला की. थांबा, चष्मा लावतो."

मग अण्णा मेसेज पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतात. नुसता आकडा सांगा म्हटलं, तर त्यांना ते अर्धवट काम वाटतं. दुकानात चार गिऱ्हाइकं, दोन कामगार आणि चहावाल्याचा पोरगा उभा असतो. त्या सगळ्यांच्या साक्षीनं अण्णा खणखणीत आवाजात एकेक आकडा सोडतात आणि पुढं जातात, "डू नॉट शेअर धिस विथ एनीवन. म्हंजे काय वो साहेब?"

"म्हणजे हा कुणाला सांगू नका."

"न्हाय सांगत. तुम्ही बिनघोर ऱ्हावा."

मध्यंतरी काही महिने कुणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन यांच्या आवाजात सायबर फसवणुकीपासून सावध राहण्याची सूचना ऐकावी लागे. वीस तारखेला मी दिवसातून शंभरेक फोन करतो. म्हणजे बच्चनसाहेब मला शंभर वेळा सांगत, की अनोळख्याला ओटीपी देऊ नका, आणि त्यांचं संपलं रे संपलं की मी पुढच्या माणसाला म्हणे, "हं, सांगा ओटीपी." एकाच फोनवर, एका मिनिटात, उपदेश आणि त्याचा भंग. जीएसटी आल्यापासून मी 140 माणसांना एक सवय लावतोय. फोनवर कुणी जरा घाईत, जरा अधिकारानं, 'लेट फी लागेल' म्हणून धाक घालत बोललं, की त्याला आकडे सांगून मोकळं व्हायचं. चोराला वेगळी विद्या शिकावी लागत नाही. त्यानं माझ्यासारखं बोललं की झालं.

वहीतल्या पासवर्डांकडं एकदा निवांतपणे बघितलं, तर पेठेचा सगळा धर्म त्यात दिसतो. देवांमध्ये गणपती आघाडीवर, त्याच्या मागोमाग ज्योतिबा आणि बालाजी. नंतर मुली. मुलांची नावं दुकानाच्या पाटीला, मुलींची पासवर्डला, अशी वाटणी का झाली देव जाणे. सगळ्यांच्या शेपटाला '@123'. पोर्टलनं बदलायला लावला की '@1234'. पुन्हा लावला की शेवटी उद्गारचिन्ह. पाईपवाल्यांच्या पासवर्डला आता इतकी उद्गारचिन्हं झालीत, की तो वाचताना कुणीतरी बोंब मारतंय असं वाटतं.

यात आमचाच दोष नाही. एक मोठं अक्षर घ्या, एक आकडा घ्या, एक वाकडं चिन्ह घ्या आणि ठरावीक दिवसांनी बदला, हा सल्ला बिल बर नावाच्या गृहस्थांनी 2003 साली अमेरिकेतल्या सरकारी मानक संस्थेसाठी लिहून ठेवला. सगळ्या जगानं तो पाळला. 2017 साली हे गृहस्थ निवृत्त होऊन घरी बसले असताना त्यांनी एका वर्तमानपत्राला सांगितलं, की त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पस्तावा होतोय. माणसं सक्तीनं पासवर्ड बदलतात तेव्हा फक्त शेपूट बदलतात, हे तोवर ध्यानात आलं होतं. लांबलचक, पण आपल्या लक्षात राहील असा पासवर्ड बरा, असं ती संस्थाही आता म्हणते. पाईपवाल्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "चौदा वर्षांनी चूक कबूल केली? आमच्याकडं सात वर्षांनी वही फाडतात."

आता ते दुकानाच्या पाटीचं बघा. जीएसटी नंबर पाटीवर रंगवायचा, हा नियम. नंबर पंधरा अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे सरळसरळ पॅन. दुकान एकट्याच्या मालकीचं असेल तर तो मालकाचा स्वतःचा पॅन. ज्या पॅनकार्डाची झेरॉक्स देताना अण्णा तिच्यावर आडवी रेघ मारून तारीख घालतात, तोच पॅन त्यांच्या दुकानावर दीड फुटी अक्षरात, लाल रंगात, रात्री दिवा लावून उजळलेला असतो. त्यामुळं फोनवर कुणी अण्णांना त्यांचा पॅन घडाघडा म्हणून दाखवला आणि 'इन्कम टॅक्समधून बोलतोय' म्हणाला, तर अण्णांनी भिण्याचं कारण नाही. तो माणूस समोरच्या फुटपाथवर उभा असेल, इतकंच.

एवढं वाचून कुणाला वाटेल, की आमचे व्यापारी भोळे. छे हो! हे लोक गुप्तता पाळण्यात पिढ्यान्पिढ्या मुरलेले आहेत. गुरांच्या बाजारात दोन माणसं उपरण्याखाली हात घालून, एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायची. भोवती पन्नास माणसं डोळे फाडून बघत असायची आणि एकालाही आकडा कळायचा नाही. ही हत्ता पद्धत. तिला नेट लागत नाही, रेंज लागत नाही, आणि बोटांचा स्क्रीनशॉट निघत नाही.

आणि आमचे कापडवाले काका! काकांचं वय 74. त्यांच्या दुकानात प्रत्येक साडीला एक चिठ्ठी असते. चिठ्ठीवर विक्रीची किंमत आणि वरच्या कोपऱ्यात बारीक चार इंग्रजी अक्षरं. ती साडीची खरेदी किंमत. कुठंतरी एक शब्द आहे, दहा वेगवेगळ्या अक्षरांचा. पहिलं अक्षर म्हणजे एक, दुसरं म्हणजे दोन, शेवटचं शून्य. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं, की काका त्या कोपऱ्यावर नुसती नजर टाकतात आणि कुठवर उतरायचं ते त्यांना कळतं. दुकानातल्या पोराला कळत नाही, गिऱ्हाइकाला कळत नाही. मी काकांची खरेदीची बिलं अकरा वर्षं बघतोय. दिवाळीला बायकोसाठी साडी घेताना दरवर्षी मी ती चार अक्षरं मनात टिपून घेतो आणि घरी येऊन बिलांशी ताडून बघतो. अजून शब्द सापडलेला नाही. काका मधूनमधून अक्षरं फिरवत असावेत. हा शब्द काकांनी काकूंना सांगितलेला नाही. मुलाला सांगितला, तो धंद्यात दहा वर्षं काढल्यावर, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, कानात.

या काकांच्या इन्कम टॅक्सचा पासवर्ड 'कापड@123'.

मी बराच विचार केला, की असं का होत असेल. एकच सुचतं. खरेदी किंमत गिऱ्हाइकाला कळली, तर नुकसान समोर उभं राहून हसतं. पासवर्डचं गिऱ्हाईक दिसतच नाही. आमच्या माणसाला जे दिसत नाही त्याची भीती वाटते फक्त अमावास्येला.

"आणि आमच्या दुकानातनं हॅकर न्हेणार काय?" हा पेठेचा आवडता सवाल. "हळद?" म्हणून हळदवाले स्वतःच हसतात. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला, 94 कोटी रुपये गेले, 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, त्यातले थोडे तर आपल्या शेजारच्या कोल्हापुरातून, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "बघा, म्हणजे मोठ्यांचंच जातं." बरं, जून 2017 मध्ये एक व्हायरस युक्रेनमध्ये सुटला आणि काही तासांत न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे कॉम्प्युटर बंद पडले. त्या व्हायरसला न्हावा-शेवा कुठं आहे हे माहीतही नव्हतं. नदीत जाळं टाकणारा मासोळीचं नाव विचारून टाकत नाही. यावर हळदवाल्यांनी चहा मागवला. चहा मागवणं म्हणजे आमच्याकडं विषय बदलण्याची सभ्य रीत.

पेठेत रोज जे घडतं ते मात्र इतकं भव्य नसतं. काउंटरवर गर्दी बघून एखादा पोरगा मोबाइल नाचवतो, हिरवी टिकमार्क दाखवतो, "टाकले काका" म्हणतो आणि माल घेऊन जातो. तसली टिकमार्क दाखवणारी खोटी ॲपं मिळतात. म्हणून आता सगळ्यांनी बोलणारे डबे ठेवलेत. डबा बोलला की माल सोडायचा, नाहीतर नाही. ही पद्धत चांगली आहे, फक्त शेजारच्या दुकानातला डबा बोलला तरी आमचे फरसाणवाले पुडी पुढं सरकवतात.

पंखेवाल्या बापूंचं प्रकरण मात्र डब्याच्या आवाक्यातलं नव्हतं. बापू मूळचे साताऱ्याकडचे. ज्या जिल्ह्यात एका गावाचं नावच मिलिटरी अपशिंगे आहे, तिथल्या माणसाला 'जय हिंद' म्हणून फोन आला तर तो उभं राहूनच बोलणार. फोनवर हिंदीत एक सुभेदार. बदली होऊन आलोय, युनिटला 40 पंखे पाहिजेत, भाव काय? बापूंनी 2,600 सांगितला. सुभेदारानं घासाघीस केली नाही. खरं तर संशय तिथंच यायला हवा होता. सांगलीत घासाघीस न करणारं गिऱ्हाईक एकतर आजारी असतं किंवा भामटं. पण व्हॉट्सॲपवर ओळखपत्राचा फोटो आला, वर्दीतला फोटो आला, आणि बापूंच्या डोळ्यांपुढं त्यांचा फौजेतला आत्तेभाऊ उभा राहिला.

सुभेदार म्हणाला, फौजेच्या नियमाप्रमाणं आधी खातं तपासावं लागतं, मला एक रुपया पाठवा. बापूंनी पाठवला. लगेच दोन रुपये परत आले. शंभर टक्के नफा. मग ॲडव्हान्सचा क्यूआर कोड आला. "ये स्कैन कीजिए, पैसे आपके खाते में जमा हो जाएँगे." बापूंनी स्कॅन केला, पडद्यावर 52,000 दिसले, पिन मागितला, पिन टाकला.

डबा गप्प.

यूपीआय 2016 पासून आपल्याकडं आहे आणि त्याचा एकच नियम पाठ असला तरी पुरे: पैसे येताना पिन लागत नाही. गल्ल्यात पैसे टाकायला कुणी किल्ली मागत नाही, काढायला लागते. पण हे मी आत्ता खुर्चीत बसून लिहितोय. बापू तेव्हा उभे होते आणि पलीकडं सुभेदार म्हणत होता, "टेक्निकल प्रॉब्लेम है, एक बार और कीजिए, दोनों साथ में आएँगे." बापूंनी पुन्हा पिन टाकला. यूपीआयची दिवसाची मर्यादा एक लाख. 52 आणि 52 म्हणजे एक लाख चार हजार. व्यवहार फेल. बापूंना वाचवलं ते चार हजारांनी. सुभेदार भाव करून 2,400 वर आला असता, तर दोन्ही हप्ते बिनबोभाट गेले असते. घासाघीस न केल्याचा तोटा चोरालाही होतो, हे पेठेनं त्या दिवशी फार समाधानानं नोंदवलं.

खरा घोळ त्यापुढचा. अशा वेळी 1930 ला फोन करायचा असतो, लगोलग, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळत असतात आणि मधेच कुठंतरी अडवता आले तर येतात. बापूंनी पहिला फोन मला केला. मी 3बीत होतो. दुसरा मेहुण्याला, कारण तो पोलिसात आहे. रत्नागिरीत, बँडपथकात. तिसरा आत्तेभावाला, असला सुभेदार आहे का विचारायला. चौथ्यांदा 1930. तोवर अडीच तास झाले होते. बँकेत गेल्यावर कळलं, रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम असा, की तुमची चूक नसताना पैसे गेले आणि कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर भार तुमच्यावर नाही. पण पिन तुम्हीच टाकला असेल, तर कळवण्याआधी गेलेला पैसा तुमचा. बापू म्हणाले, "पण मी फौजीला टाकला." बँकेतल्या मॅडमनी त्यांना पाणी दिलं.

फाउंड्रीवाल्यांना बसलेला फटका याहून बारीक कारागिरीचा होता. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतले हे गृहस्थ. वर्षानुवर्षांच्या पार्टीकडून ईमेल आली, की आमचं बँक खातं बदललंय, या वेळचं पेमेंट नव्या खात्यावर टाका. पत्ता तोच, सही तीच, 'वहिनींना नमस्कार' सुद्धा तोच. फक्त पत्त्यातल्या इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी बसवले होते. मोबाइलवर बघा, एमच दिसतो. पार्टीचा जुना नंबर फोनमध्ये होता. दर दिवाळीला त्यावर फोन होतो. त्या दिवशी तेवढा केला असता तर भागलं असतं. ही गोष्ट जुनी. एप्रिल 2025 पासून मोठी रक्कम आरटीजीएस किंवा एनईएफटीनं पाठवताना खातं कुणाच्या नावाचं आहे ते बँक आधी दाखवते. फाउंड्रीवाले आता ते नाव मोठ्यानं, दोनदा वाचतात, मंगलाष्टकं म्हटल्यासारखं.

दिवाणजींबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण ते हे वाचतील. हळदवाल्यांकडं ते चाळीस वर्षं आहेत. आधी कीर्द-खतावणी, आता टॅली. टॅली कुठून तरी पेनड्राइव्हवर आणलेलं. विंडोज 7, ज्याची डागडुजी मायक्रोसॉफ्टनं जानेवारी 2020 मध्येच थांबवली. अँटिव्हायरस संपल्याचा पिवळा चौकोन रोज सकाळी येतो आणि दिवाणजी त्याला 'नंतर' सांगतात. त्या क्विक हीलच्या चौकोनाचं मला वाईट वाटतं. क्विक हील हे अँटिव्हायरस कुणा अमेरिकन कंपनीचं नाही हो, पुण्याच्या काटकर बंधूंचं आहे. थोरले कैलाश कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, छोट्याशा गाळ्यात. धाकट्या संजयनं व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला. म्हणजे एका दुकानदारानं दुसऱ्या दुकानदारांसाठी बनवलेली वस्तू, आणि तिलाही उधारीवाल्यासारखं 'उद्या या'.

"दिवाणजी, बॅकअप घेता ना?"

"रोज. डी ड्राइव्हला."

"पण डी ड्राइव्ह याच मशीनमध्ये आहे."

"मग? दुसऱ्याच्या मशीनमध्ये ठिवायचा आपला डेटा?"

मी गप्प बसलो. पुढं एके दिवशी त्या मशीनवरच्या सगळ्या फाइलींची नावं बदलली, उघडेनात, आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी आली. सी गेला तसा डीही गेला. शेजारी एक पेनड्राइव्ह होता, पण तो बारा महिने मशीनलाच टोचलेला, त्यामुळं तोही गेला. कामाला आली ती एकच गोष्ट. दिवाणजींचा संगणकावर मनातून विश्वास नसल्यानं ते रोज संध्याकाळी सगळ्या बेरजा गुपचूप एका जाड वहीत उतरवून ठेवत होते. त्या वहीवरून तीन माणसांनी सतरा दिवस बसून टॅली पुन्हा उभं केलं. तेव्हापासून दिवाणजींना बोलायची सोय राहिलेली नाही.

आता माझं सांगतो. टाळता आलं असतं तर टाळलं असतं, पण पेठेत सगळ्यांना माहीत आहे.

मे महिना, लग्नसराई. पाईपवाल्यांच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर पत्रिका आली. 'लग्नपत्रिका डॉट एपीके'. त्यांची मुलगी लग्नाची आहे, म्हटलं जमलं वाटतं. दाबली. फोन म्हणाला, हे ॲप अनोळखी ठिकाणचं आहे, धोका असू शकतो. दिवसभर सरकारी पोर्टलवर न वाचता 'मी सहमत आहे' वर टिक करणाऱ्या माणसाला असली वाक्यं दिसत नाहीत. सहमत. मग पत्रिकेनं माझे एसएमएस वाचायची परवानगी मागितली. पत्रिकेला माझे एसएमएस कशाला वाचायचेत, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला पडला तो, जेवण कोणत्या कार्यालयात आहे हा. सहमत.

काही उघडलं नाही. नेट नसेल म्हणून झोपलो. रात्री दोनच्या पुढं माझ्या फोनमधून ओटीपी गुपचूप बाहेर जात राहिले, आणि 19,000 रुपये तीन हप्त्यांत गेले. शिवाय तीच पत्रिका माझ्या नावानं सगळ्या 140 जणांना गेली.

सकाळी सात वाजता पहिला फोन हळदवाल्यांचा. "साहेब, अभिनंदन! पण धाकटा अजून शिकतोय की वो?" मग रीघ लागली. कुणी आचाऱ्याचं नाव सुचवलं, कुणी मंडप कुठला ते विचारलं. बायको चहाचा कप घेऊन समोर उभी. "मला न विचारता कुणाचं लग्न ठरवलंत?" साडेनऊला कापडवाले काका जिना चढून आले, हातात आहेराचं पाकीट, 501 रुपये. "पत्रिका काय उघडंना. म्हटलं तारीख विचारून यावं."

मी 1930 ला फोन केला, बँकेत धावलो, फोन पुसून कोरा केला. 19 पैकी 11 हजार मधल्या एका खात्यात अडवले गेले. मग 140 फोन. ते उघडू नका, दाबू नका, ते माझं नाही. "आम्ही उघडलंच न्हाई," अण्णा म्हणाले, "नुसतं दाबलं." तेवीस जणांनी नुसतं दाबलं होतं. काकांच्या मुलाच्या आयफोननं ती फाइल घ्यायलाच नकार दिला होता आणि तो त्याचं श्रेय स्वतःकडं घेत होता. अण्णांवर मी जरा आवाज चढवला. इतक्यांदा सांगितलं, अनोळखी काही दाबू नका म्हणून!

"अनोळखी कुठं?" अण्णा शांतपणे म्हणाले. "तुमच्या नावानं आलं म्हणून दाबलं. परक्याचं असतं, तर हात लावला असता व्हय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मीही पाईपवाल्यांच्या नावाकडं बघूनच दाबलं होतं. पाईपवाल्यांनी हळदवाल्यांच्या.

त्या सगळ्या गोंधळात लाल वही मात्र कपाटात सुखरूप होती. तिला कुणी पत्रिका पाठवली नाही. मी तिला नव्यानं कुलूप लावलं आणि किल्ली नेहमीच्या जागी, कपाटाच्या वर, ठेवली.

पण रात्री झोप येईना. त्या चोरट्याच्या हाती फोनऐवजी वही लागली असती तर? पुढच्या महिन्यात मी जाहीर केलं: यापुढं ज्यानं त्यानं आपापला पासवर्ड ठेवायचा, मला सांगायचा नाही, रिटर्नच्या वेळी येऊन टाकायचा. पेठेत असंतोष पसरला. "म्हंजे तुमचं काम आम्ही करायचं? मग फी किती कमी करताय?" तरी काहींनी केलं. अण्णांनी त्याच दिवशी दुपारी भर रस्त्यातून माझ्या खिडकीकडं बघून आरोळी ठोकली, "साहेब, बदलला! श्रीगणेश@1234!" चौकातल्या रिक्षावाल्यानं मान डोलावली.

काकांना मात्र मी खास बोलावून घेतलं. म्हटलं, काका, तुमच्याकडं जगातला उत्तम पासवर्ड तयार आहे. पन्नास वर्षं कुणाला फुटला नाही. दहा अक्षरं, सगळी वेगळी. तो ठेवा.

काकांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. अकरा दिवाळ्यांचा हिशेब त्यांच्या नजरेत होता.

"आणि तो तुमच्या वहीत लिवणार?"

"नाही काका. मला सांगायचाच नाही."

"हां," ते म्हणाले आणि निघून गेले.

वीस तारखेला संध्याकाळी काका जिना चढून आले. मला खुर्चीतून उठवलं. स्वतः बसले. खांद्यावरचं उपरणं काढून दोन्ही हातांवर आणि कीबोर्डवर पसरलं आणि मला म्हणाले, "तुम्ही भिंतीकडं बघा."

मी माझ्याच ऑफिसात, माझ्याच कॅलेंडरकडं तोंड करून उभा राहिलो. उपरण्याखाली काकांचं एक बोट सावकाश चालत होतं. मी मोजत होतो. अकरा वर्षांची सवय. टक, टक, टक. बरोब्बर दहा. मग काका थांबले. पडद्याशी काहीतरी पुटपुटले, कुठं आकडा पाहिजे, कुठं चिन्ह पाहिजे म्हणून. आणि मग उपरण्याखालून आणखी चार टक आले, ते मात्र न अडखळता.